टीव्ही रेकॉर्डिंगसाठी घरीच संगणक जुळवताय? सुटे भाग घेताना या चुका टाळा

सह्याद्रीवर दुपारी एखादी जुनी मैफल लागते, आषाढीच्या पहाटे विठ्ठलाच्या महापूजेचं थेट प्रक्षेपण असतं, कधी एखाद्या वयोवृद्ध कलावंताची मुलाखत. नंतर शोधायला जावं तर यातलं बरंचसं हाती लागत नाही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हापासूनच्या कितीतरी कार्यक्रमांविषयी आज आपण फक्त ऐकतो. म्हणून घरच्या घरी रेकॉर्डर तयार करणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं आणि त्यांचे पैसे चुकीच्या भागांवर खर्च झालेले पाहिले की जीव हळहळतो.

बहुतेकांची चूक एकच असते, ती म्हणजे खरेदीचा क्रम. आधी प्रोसेसर ठरतो, मग मदरबोर्ड, मग कॅबिनेट, आणि ट्यूनर, म्हणजे टीव्हीचा सिग्नल पकडून संगणकाला देणारा भाग, सगळ्यात शेवटी, ‘कुठलाही चालेल’ म्हणून. खरं तर सुरुवात घरात येणाऱ्या केबलपासून करायची. त्या केबलमधून काय येतंय हे कळलं की ट्यूनर ठरतो, ट्यूनरवरून बोर्ड ठरतो, आणि प्रोसेसरचा विचार जवळपास करावाच लागत नाही.

सिग्नल न बघता ट्यूनर घेणं

ऑनलाइन दुकानात ‘टीव्ही ट्यूनर’ शोधलं की पहिल्या पानावर अंगठ्याएवढे स्वस्त यूएसबी डोंगल दिसतात. त्यातल्या बहुतेकांत आरटीएल२८३२यू ही चिप असते आणि ती डीव्हीबी-टी या युरोपातल्या जुन्या जमिनी प्रक्षेपणासाठी बनलेली आहे. आपल्याकडे डीव्हीबी-टी प्रक्षेपणच नाही. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबादसह १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं ते डीव्हीबी-टी२ पद्धतीचं, आणि या चिपला तेही कळत नाही. रेडिओचे प्रयोग करायला हे डोंगल उत्तम आहे, पण टीव्हीसाठी इथे त्याचा उपयोग शून्य.

अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने आणलेल्या ट्यूनरचंही तेच. तो एटीएससी या अमेरिकी पद्धतीचा असतो. न्यू जर्सीत गच्चीवरच्या अँटेनाला लावला तर सुरेख चालेल, नागपुरात त्याला एकही वाहिनी सापडणार नाही.

महाराष्ट्रात घरगुती रेकॉर्डरसाठी सगळ्यात सरळ मार्ग डीडी फ्री डिशचा. जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, छोटी डिश पुरते, महिन्याचं भाडं नाही. त्यावरच्या ज्या वाहिन्या कुलूपबंद नाहीत त्या थेट संगणकात उतरवता येतात. यासाठी ट्यूनरवर डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रक्षेपणाची नवी पद्धत) असं लिहिलेलं हवं. नुसतं डीव्हीबी-एस लिहिलेलं जुनं कार्ड स्वस्तात मिळतं, पण ते नव्या पद्धतीने येणाऱ्या वाहिन्या पकडत नाही.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचं किंवा केबलचं कनेक्शन असेल तर आधीच सांगतो, ट्यूनर कार्ड लावून काही होणार नाही. तो सिग्नल कुलूपबंद असतो आणि किल्ली कंपनीच्या सेट-टॉप बॉक्समध्ये. मग लोक एचडीएमआय कॅप्चरकडे, म्हणजे बॉक्समधून टीव्हीकडे जाणारं चित्र टिपणाऱ्या उपकरणाकडे, वळतात. तिथे बॉक्स एचडीसीपी, म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप, लावूनच चित्र बाहेर सोडतो, त्यामुळे कॅप्चर उपकरणावर काळा पडदा दिसतो. उपकरण बिघडलेलं नसतं, ही अडवणूक मुद्दाम केलेली असते. अशा घरांनी त्याच कंपनीचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स घ्यावा. तिथे घरी बनवलेल्या संगणकाचा आग्रह धरू नये.

खोक्यावरचं नाव वाचणं, आतली चिप न बघणं

ट्यूनर चालेल की नाही हे ब्रँड ठरवत नाही, आतली चिप ठरवते. जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींतून कॅप्चर करणारं ‘ईझीकॅप’ नावाचं उपकरण याचं उत्तम उदाहरण. बाहेरून एकसारखं दिसणारं ते खोकं आत एसटीके११६०, ईएम२८६०, सोमॅजिक किंवा यूटीव्ही००७ यांपैकी कुठलीही चिप घेऊन येतं. मित्राकडे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर सहज चाललं म्हणून तुम्ही तेच घेता आणि तुमचं चालत नाही, ते यामुळे.

म्हणून दुकानदाराला मॉडेलसोबत आवृत्ती क्रमांकही विचारा. यूएसबी ट्यूनर असेल तर लावल्यावर त्याचा ओळख क्रमांक पाहा, म्हणजे चार-चार अक्षरांची ती जोडी. लिनक्स वापरणार असाल तर लिनक्सटीव्हीच्या विकीवर तो क्रमांक शोधा. मग टर्मिनलमध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी वाचा. तिथे तीन गोष्टी दिसू शकतात. फ्रंटएंड (ट्यूनरचा सिग्नल पकडणारा भाग) नोंदवला गेल्याची ओळ आली तर काम झालं. फर्मवेअरची, म्हणजे ट्यूनरच्या आतल्या चिपला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइल मिळाली नाही अशी ओळ असेल तर ट्यूनर ठीक आहे, फक्त ती एक फाइल योग्य फोल्डरमध्ये टाकायची आहे. या टप्प्यावर कितीतरी जण कार्ड खराब समजून परत पाठवतात. आणि ओळख क्रमांक दिसूनही पुढे काहीच नोंद नसेल तर तुमच्या कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, नाही. ड्रायव्हर कर्नलबाहेरून आणून जोडावा लागणारी कार्डं असतात. त्यांतली काही उत्कृष्टही आहेत, पण दर कर्नल अपडेटनंतर ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागतो. घरात ते करणारं कुणी नसेल तर थोडे जास्त पैसे देऊन कर्नलमध्येच आधार असलेलं कार्ड घ्या.

कार्ड आणि बोर्ड यांची गाठच न पडणं

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुन्या पीसीआय खाचेत बसणारी कार्डं स्वस्तात मिळू शकतात. ती नव्या बोर्डांत बसत नाहीत, कारण नव्या बोर्डांवर पीसीआय-एक्सप्रेसच असतं. ही चूक निदान दुकानातच कळते. दुसरी घरी आल्यावर कळते. कार्यालयांतून निघालेले जुने छोटे संगणक रेकॉर्डरसाठी फार चांगले. आवाज कमी, वीज कमी. पण त्यांतल्या सगळ्यात लहान ‘मायक्रो’ किंवा ‘टायनी’ प्रकारात कार्डासाठी जागाच नसते. तिथे यूएसबी किंवा नेटवर्क ट्यूनरच घ्यावा लागतो. त्याहून थोड्या मोठ्या एसएफएफ प्रकारात जागा असते, पण अर्ध्या उंचीची. कार्डासोबत ते कॅबिनेटला बसवायची आखूड पट्टी मिळते का, हे विचारूनच पैसे द्या.

एलएनबी, केबल आणि तो स्वस्त स्प्लिटर

यावर जरा जास्त लिहितो, कारण ‘ट्यूनर खराब आहे’ अशा तक्रारींचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडलं आहे.

डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसवलेल्या सिग्नल टिपणाऱ्या भागाला, वीज कोण देतं? तुमचा ट्यूनर, त्याच केबलमधून. १३ व्होल्ट दिले की उभं ध्रुवीकरण (उभ्या लहरींवरच्या वाहिन्या), १८ दिले की आडवं, आणि सोबत २२ किलोहर्ट्झचा टोन सोडला की वरचा फ्रिक्वेन्सी पट्टा. म्हणूनच अनेक उपग्रह कार्डांवर वीजपुरवठ्याची वेगळी सोय असते आणि यूएसबी ट्यूनरसोबत वेगळा अडॅप्टर येतो. ती वायर जोडायची राहिली तर कार्ड संगणकात व्यवस्थित दिसतं, सॉफ्टवेअर शोध सुरू करतं, आणि सिग्नल मात्र शून्य. वाहिन्या सापडत नसतील तर सगळ्यात आधी ही वायर बघा.

मग स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या दोन करणारा जोड. केबलवाल्याकडे मिळणाऱ्या स्प्लिटरवर बारीक अक्षरांत ५-१००० मेगाहर्ट्झ असं छापलेलं असतं. एलएनबीकडून येणारा सिग्नल असतो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा. म्हणजे जवळपास सगळा सिग्नल त्या स्प्लिटरच्या मर्यादेबाहेरचा, आणि बरेचसे स्प्लिटर एलएनबीकडे वीजही जाऊ देत नाहीत. सेट-टॉप बॉक्सही चालवायचा आणि रेकॉर्डरही, तर दोन आउटपुटचा एलएनबी घ्या आणि दोन स्वतंत्र केबल टाका. केबल आरजी-६ हवी, लांब अंतर असेल तर आतली तार पूर्ण तांब्याची. कोकणात एफ-कनेक्टरच्या सांध्यात पाणी शिरून गंज चढतो, म्हणून गच्चीवरच्या प्रत्येक सांध्यावर जलरोधक टेप गुंडाळा.

सॉफ्टवेअरमध्ये एलएनबीचा प्रकार निवडताना अंदाज बांधू नका. एलएनबीच्या पाठीवर छापलेले आकडे वाचा, ९७५०/१०६०० असे काहीतरी, आणि तेच भरा. हे चुकलं तर सिग्नल असूनही एकही वाहिनी सापडत नाही.

चार वाहिन्यांसाठी चार ट्यूनर

उपग्रहावरचा एक ट्रान्सपॉन्डर म्हणजे वाहिन्यांचं एकत्र बांधलेलं गाठोडं. ट्यूनर एका वेळी अख्खं गाठोडं उचलतो. टीव्हीहेडएंडसारखं सॉफ्टवेअर त्यातल्या हव्या त्या वाहिन्या वेगळ्या करून एकाच वेळी लिहू शकतं. म्हणजे तुमच्या आवडीच्या तीन वाहिन्या एकाच ट्रान्सपॉन्डरवर असतील तर एक ट्यूनर तिन्ही रेकॉर्ड करतो. खरेदीपूर्वी वाहिन्यांची यादी ट्रान्सपॉन्डरनुसार लावून बघा. बहुतेक घरांना दोन ट्यूनर पुरतात.

प्रोसेसरवर उधळपट्टी

जुने सल्ले अजून फिरतात, ‘रेकॉर्डिंगला तगडा प्रोसेसर लागतो’. अ‍ॅनालॉग काळात ते खरं होतं. तेव्हाच्या साध्या बीटी८७८ कार्डातून कच्चं चित्र यायचं आणि ते दाबून लहान करण्याचं काम प्रोसेसरला करावं लागायचं. आता उपग्रहावरून येतं तेच मुळी दाबलेलं असतं. संगणकाने ते जसंच्या तसं डिस्कवर लिहायचं, बस. पूर्ण ट्रान्सपॉन्डर लिहिला तरी सेकंदाला साधारण ४० मेगाबिट, म्हणजे ५ मेगाबाइट. दहा वर्षं जुना प्रोसेसरही हे आरामात करतो.

प्रोसेसरपेक्षा दाखवण्याचा भाग महत्त्वाचा. तोच संगणक टीव्हीला जोडणार असाल तर हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे दाबलेलं चित्र उलगडणारी चिपमधलीच सोय, आहे का बघा. इंटेल एन१००, २०२३ मध्ये आलेला ६ वॅटचा प्रोसेसर, या कामाला पुरून उरतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. रास्पबेरी पाय घेणार असाल तर हे माहीत असू द्या की पाय ५ मध्ये एच.२६४ या चित्र दाबण्याच्या पद्धतीचं हार्डवेअर डिकोडिंग काढून टाकलं आहे. तो ते प्रोसेसरच्या बळावर करतो.

आणि एक तपासणी जरूर करा. बातम्या लावा आणि खाली सरकणारी पट्टी एकटक बघा. ती मधेमधे ठेचकाळत असेल तर संगणक ६० हर्ट्झवर चित्र पाठवतोय. आपलं प्रक्षेपण सेकंदाला ५० फील्डचं, म्हणजे ५० अर्ध्या चित्रांचं आहे. आउटपुट ५० हर्ट्झ करा, डीइंटरलेसिंग (ती अर्धी चित्रं जोडण्याची सोय) चालू ठेवा, पट्टी लोण्यासारखी सरकू लागते.

डिस्क

हिशोब सोपा आहे: वाहिनीचा सेकंदाला मेगाबिटचा आकडा गुणिले ०.४५ म्हणजे तासाला लागणारे जीबी. साधी वाहिनी ३ मेगाबिटची धरली तर तासाला १.३५ जीबी, एचडी ८ ची धरली तर ३.६ जीबी. १ टीबीत साध्या वाहिनीचं सातशे तासांहून जास्त रेकॉर्डिंग मावतं.

घेताना एसएमआर प्रकारची डिस्क टाळा. तिच्यात माहिती लिहिण्याचे माग एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे दोन-तीन रेकॉर्डिंग चालू असताना जुनी पुसायला गेलं की ती अडखळू शकते. डेस्कटॉपसाठीच्या स्वस्त डिस्क बऱ्याचदा याच प्रकारच्या असतात आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नसतं. मॉडेल क्रमांक कंपनीच्या माहितीपत्रकात तपासा. सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या डिस्क अखंड लिहिण्यासाठीच असतात, त्या इथे शोभतात. ऑपरेटिंग सिस्टीम वेगळ्या छोट्या एसएसडीवर ठेवा, म्हणजे रेकॉर्डिंगची डिस्क भरली तरी संगणक बंद पडत नाही.

एचडी रेकॉर्डिंग दर वेळी तासाभराने, नेमकं एकाच जागी तुटतंय? डिस्क एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली असणार. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस करा.

चौकटी दिसतायत, दोष कुणाचा?

रेकॉर्डिंगमध्ये चित्राचे तुकडे पडत असतील तर सॉफ्टवेअरच्या नोंदींत ‘कंटिन्युइटी’ चुका शोधा. सिग्नलमधल्या १८८ बाइटच्या प्रत्येक पाकिटावर क्रमांक असतो. मधलं पाकीट गळलं की ती चूक नोंदली जाते. चुका येतात तेव्हाच सिग्नलची गुणवत्ताही घसरत असेल तर डिश, केबल, सांधे बघा. जुलैतल्या धुवाधार पावसात केयू बँडचा, म्हणजे डिशवर येणाऱ्या फ्रिक्वेन्सींचा, सिग्नल पडतोच, त्याला भाग बदलून उपाय नाही, थोडी मोठी डिश मात्र मदत करते. गुणवत्ता स्थिर असूनही चुका येत असतील तर संशय यूएसबी हबवर घ्या. ट्यूनर हबमधून काढून थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा.

वीज, घड्याळ आणि उष्णता

हा संगणक चोवीस तास चालणार. सतत ६० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप वर्षाला सुमारे ५२५ युनिट घेतो, १५ वॅटचा १३० च्या आसपास. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला जवळपास चार हजारांचा फरक. जुना संगणक फुकट मिळाला तरी हा हिशोब करून बघा.

भारनियमन असलेल्या गावात बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा, आणि छोटा यूपीएस लावा. जुना बोर्ड असेल तर सीआर२०३२ बॅटरी पहिल्याच दिवशी बदला. ती संपलेली असली की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं आणि रेकॉर्डिंग भलत्याच वेळी होतं. टीव्हीखालच्या बंद कपाटात मे महिन्यात डिस्क तापते. मागची फळी काढा.

खरेदी करताना पहिल्या आठवड्यात फक्त ट्यूनर आणि केबल आणा. घरातल्याच एखाद्या संगणकाला लावा आणि रात्रभर सह्याद्री रेकॉर्ड होऊ द्या. सकाळी नोंदींत कंटिन्युइटीच्या चुका नसतील तर बाकीची यादी घेऊन बाजारात जा. चुका असतील तर ट्यूनर परत करण्याची मुदत अजून हातात असते.