केळीच्या खोक्याचा लाईट बॉक्स, आणि काळ्या पट्ट्या विसरू नका

लाईट बॉक्स म्हणजे छोट्या वस्तूचा फोटो काढायला चहूकडून मऊ उजेड देणारा पांढरा खोका. ऑनलाईन जो घडीचा मिळतो तो काही वाईट नसतो, पण बहुतेकांत एलईडीची पट्टी वर चिकटवूनच येते, ती हलवता येत नाही, आणि जवळून फोटो काढायचा म्हणजे सगळा खेळ लाईट हलवण्याचाच असतो भो. म्हणून घरी बनवा. अंगठीचे फोटो ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवणारा छोटा सोनार असो, बिबडे-पापड विकणारा बचत गट असो, नाहीतर कपाशीच्या बोंडातली अळी नेमकी कोणती ते कृषीवाल्यांना दाखवायचं असो, एकच खोका सगळ्यांना पुरतो.

खोका केळीचाच घ्या. रावेर, सावदा, यावलकडे एक्सपोर्टचा माल भरतात ते 13 किलोवाले खोके, पुठ्ठा एकदम जाड असतो, खिडक्या कापल्यावर पण चौकट वाकत नाही. किराण्याचा बिस्किटाचा खोका दोन दिवसात मान टाकतो. केळीच्या खोक्याला हवेची भोकं असतात त्याचं टेन्शन घेऊ नका, बाजूची भोकं खिडकीत कापली जातात आणि तळाचं भोक कार्डशीटमागे झाकलं जातं.

आता खोका आडवा करा, उघडं तोंड तुमच्याकडे, तळ मागे. डावी, उजवी आणि वरची अशा तीन बाजूंना खिडक्या कापायच्या, कडेला दोन-दोन बोटं पुठ्ठा ठेवून. कटर एकाच दणक्यात आरपार घालू नका, स्टीलची पट्टी धरून हलक्या हाताने तीन-चारदा फिरवा, काप सरळ येतो आणि बोटं पण शाबूत राहतात. खोक्याची खोली जरा कमी पडते पण अंगठी, बाळी, बिया, नाणी याला भरपूर झाली.

खिडक्यांवर ट्रेसिंग पेपर लावा, स्टेशनरीवाल्याकडे मोठी शीट मिळते. स्वयंपाकातला बटर पेपर पण चालतो, फक्त त्याला थोडी पिवळट झाक असते. कापड लावायचं तर पांढरं पॉपलीन किंवा मलमल, जळगावच्या फुले मार्केटात तुकडे मिळतात. कोरं मांजरपाट पिवळं पडतं, आणि नीळ घातलेलं जुनं धोतर तर अजिबात नको, फोटोत सगळं निळसर येतं आणि मग कॅमेऱ्याला शिव्या बसतात. चिकटवायला फेविकॉल. साध्या सेलोटेपचा गोंद आपल्याकडच्या मे महिन्यात टिकत नाही, पारा 44-45 ला गेला की टेप आपोआप सुटून खाली लोंबते.

आत पांढरी कार्डशीट. वरचं टोक मागच्या भिंतीला चिकटवा आणि खालचं टोक नुसतं पुढे सोडा, मधे घडी पडता कामा नये, गोल वळण आलं पाहिजे. घडी पडली तर फोटोत मागे आडवी रेघ दिसते, वळण असलं की जमीन कुठे संपली आणि भिंत कुठे सुरू झाली काही कळत नाही. शीट तोंडातून वीतभर बाहेर आली तरी हरकत नाही.

लाईटला साधे 9 वॅटचे एलईडी बल्ब, दोन किंवा तीन, सगळे एकाच कंपनीचे आणि एकाच रंगाचे. बल्बच्या बॉक्सवर 6500के लिहिलेलं असतं तो पांढरा, 2700के किंवा 3000के तो पिवळा. एक पांढरा एक पिवळा लावला तर वस्तूची एक बाजू निळी आणि दुसरी केशरी दिसते, आणि हे नंतर कोणत्याच ॲपमध्ये धड दुरुस्त होत नाही. खोलीतली ट्यूब बंद, खिडकीचा पडदा ओढा. बॉक्सवर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वर लिहिलेला बल्ब मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या, स्वस्त बल्बात लाल रंग मार खातो आणि सोनं हिरवट दिसतं. जुना 100 वॅटचा तारेचा बल्ब किंवा हॅलोजन कागदापाशी आणूच नका, कागद पेटायला वेळ लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, बल्ब कागदाला चिकटवायचा नाही. चिकटवला की कागदावर एकच लखलखता ठिपका पडतो आणि सावली परत तशीच कडक. फूटभर लांब न्या, पूर्ण खिडकी सारखी उजळली पाहिजे, कारण वस्तूच्या हिशोबाने लाईट जितका मोठा तितकी सावली मऊ. वैशाखातल्या दुपारची सावली आणि आषाढातल्या ढगाळ दिवसाची सावली आठवा, सूर्य तोच असतो, ढगाने त्याला मोठा केलेला असतो. आपला ट्रेसिंग पेपर म्हणजे तो ढग.

इथपर्यंत सगळेच सांगतात. पण असं चहूकडून पांढरं करून आत सोन्याची अंगठी ठेवली की ती पितळेची वाटते, सपाट, कडाच दिसत नाहीत. का, तर चकचकीत वस्तूला स्वतःचा असा चेहरा नसतो, आजूबाजूला जे आहे तेच ती दाखवते, आणि आजूबाजूला आपण नुसता पांढरा कागद ठेवलाय. तिला काहीतरी काळं दाखवावं लागतं. काळ्या कार्डशीटच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा आणि एक अंगठीच्या डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर उभी करा. कॅमेऱ्यातून बघत बघत पट्टी इंचभर पुढेमागे सरकवा, सोन्याच्या कडेला एक काळी बारीक रेघ उमटते आणि गोलाई एकदम वर येते. सुभाष चौकातल्या सराफाकडचं मिरवायचं डिझाईन असो की आजीची जुनी पोत, हा फरक डोळ्याने लगेच दिसतो. अंगठी उभी राहत नसेल तर मागून मेणाचा छोटा गोळा लावा. आणि फोटो काढायच्या आधी मऊ कापडाने पुसा, बोटाचे ठसे जवळून फार भयानक दिसतात.

तोंडाच्या बाजूने तुमचा मोबाईल आणि तुमचा शर्ट पण सोन्यात दिसतो. त्याला उपाय, तोंडावर एक पांढरी कार्डशीट धरा आणि तिला लेन्सपुरतं भोक पाडा.

हॉलमार्कचा फोटो मात्र वेगळा. 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर, लागतो, तो लेझरने इतका बारीक कोरलेला असतो की मऊ लाईटात पुसट होतो. तिथे खोका बाजूला ठेवा, एकच बल्ब, कागद न लावता, बाजूने एकदम खाली घेऊन तिरपा मारा, अक्षरं उठून येतात आणि मग बीआयएस केअर ॲपमध्ये नंबर टाकून तपासता येतो. बिबड्यांचं पण थोडंफार असंच. तिन्ही बल्ब लावले तर बिबडा कागदासारखा दिसतो, दोन बंद करा, एकच बाजूचा ठेवा आणि तो पण खाली घ्या, मग फोड न फोड दिसते आणि बघणाऱ्याला कुरकुरीत वाटतं. अळी असेल तर शेजारी शाळेतली पट्टी ठेवा, मिलिमीटर दिसले की ओळखणाऱ्याला सोपं जातं.

मोबाईलने काढत असाल तर नाक लावून काढू नका, जरा मागे सरका आणि 2एक्स झूम करा, वस्तूचा आकार बिघडत नाही आणि मोबाईलची सावली पण पडत नाही. स्वस्त मोबाईलमधला तो 2 मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा विसरून जा, मेन कॅमेऱ्याने काढून क्रॉप केलेला बरा. वस्तूवर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेडाची पट्टी थोडी वर न्या, कारण सगळं पांढरं दिसलं की कॅमेरा घाबरून फोटो राखाडी करतो. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप प्लस (म्हणजे फोटो तेवढा उजळ), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, आणि लेन्सचं छिद्र बारीक, एफ8 ते एफ11, म्हणजे जास्त भाग फोकसमध्ये येतो, कारण इतक्या जवळून अंगठीचा खडा फोकसमध्ये आणि मागची कडी धूसर असं होतंच. शटर मग हळू होणार, म्हणून ट्रायपॉड, नाहीतर चार पुस्तकांवर ठेवा आणि 2 सेकंदाचा टायमर. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर तो बल्बचा लुकलुकाट आहे, आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, बहुतेक वेळा जातात.

पंखा बंद करायला लागतो, कागद फडफडतो आणि उजेड हलतो. उन्हाळ्यात हे दुपारी कोणालाच जमणार नाही, सकाळी सातच्या आत उरका. लाईट गेली तर उत्तरेच्या खिडकीपाशी खोका ठेवा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, तेवढ्यावर पण भागतं. काम झालं की खोका जमिनीवर ठेवू नका, माळ्यावर टाका, जमिनीवरच्या पुठ्ठ्याला वाळवी लागते.