शेतातून टॉवर लाइन जाणार? परवानगी आणि मोबदल्यात या चुका टाळा

शेताच्या मधोमध चुन्याची खूण दिसली की घरात पहिला प्रश्न येतो, "जमीन गेली का?" नाही गेली. विजेच्या अतिउच्चदाब लाइनसाठी शेतजमीन सहसा संपादित करत नाहीत. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, तारांखाली पीकही घेता येतं. पण धरण-रस्त्याच्या अनुभवावरून बरेच जण भूसंपादनाच्या नोटिशीची वाट बघत बसतात. ती येतच नाही. इथे वीज कायदा 2003 चालतो आणि त्याच्या कलम 164 मधून 1885 च्या तार (टेलिग्राफ) कायद्याचे अधिकार कंपनीला मिळतात. तार कायद्याची जागा 2023 च्या दूरसंचार कायद्याने घेतली, तरी वीजवाहिन्यांपुरती ती जुनी कलमं चालूच ठेवली आहेत.

"परवानगी आहे" एवढ्यावर गप्प बसणं

परवानगीचे कागद निरनिराळे असतात. कलम 68 ची मंजुरी म्हणजे तारा वरून न्यायला सरकारची संमती. वीज नियामक आयोगाचा परवाना म्हणजे ही कंपनी वीज वाहून नेण्याचा व्यवसाय करू शकते, एवढंच. तुमच्या बांधाच्या आत कोण कशाच्या जोरावर येतंय, हे कलम 164 च्या आदेशावरून कळतं. तो आदेश लेखी मागा. तो नसेल तर वीज कायद्याखालच्या 2006 च्या नियमांप्रमाणे मालकाची संमती लागते आणि मालकाने हरकत घेतली तर कंपनीला जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. तो असेल तर संमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून "माझी सही नाही, म्हणजे काम होणार नाही" या भरवशावर राहू नका. अडवणूक झाली की कंपनी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणते, मग पोलीस बंदोबस्तात खड्डे खणले जातात आणि बोलण्याची वेळ निघून गेलेली असते.

हरकत उशिरा, तीही चुकीच्या दारात

परवान्याच्या अर्जाची जाहिरात आली की आयोगाकडे हरकतीला 30 दिवस असतात. पण आयोग लाइनची गरज, खर्च, कंपनीची पात्रता बघतो. तुमच्या गटातली विहीर त्याच्यापुढे येत नाही. विहिरीसाठी मार्गाच्या नोटिशीवर, म्हणजे गावांची नावं छापून येतात त्या नोटिशीवर, मुदतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं "नको" लिहू नका, पर्याय काढून दाखवा. गोव्यात मोले अभयारण्यातून जाणाऱ्या गोवा-तमनार लाइनबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल 2021 मध्ये जंगलाचा नवा पट्टा तोडण्याऐवजी जुन्या 220 केव्ही (किलोव्होल्ट) लाइनचाच पट्टा वापरायला सांगितलं. सर्वेक्षण चालू असताना टॉवर मधून बांधाकडे सरकू शकतो. काँक्रीट पडल्यावर कोणी सरकवत नाही.

फक्त टॉवरचा हिशेब करणं

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, आणि मला सगळ्यात जास्त कळवळा याचाच आहे. केंद्राची जून 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात: टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के, तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के. आधी, 2015 मध्ये, हेच 85 आणि जास्तीत जास्त 15 टक्के होतं. आता गणित करा. टॉवरचे पाय 12 मीटरवर असतील तर चारी बाजूंना एकेक मीटर धरून 196 चौरस मीटर, दोन गुंठ्यांच्याही आत. दुप्पट केलं तरी चार गुंठ्यांची किंमत. 400 केव्ही लाइनचा पट्टा साधारण 46 मीटर रुंद असतो. तो 200 मीटर शेतातून गेला की 91 गुंठे होतात, त्याचे 30 टक्के म्हणजे सत्तावीस गुंठ्यांची किंमत. लोक टॉवरवर भांडतात आणि पट्ट्याकडे बघतही नाहीत. शेतात टॉवर नसून नुसत्या तारा असल्या, तरी पट्ट्याचा मोबदला वेगळा मागा. राज्याचा कोणता शासन निर्णय आणि कोणत्या वर्षाचा दर लावला, हेही लेखी विचारा.

एकदाच पंचनामा

पिकाची आणि झाडांची भरपाई याहून निराळी असते. पाया, टॉवर उभारणी आणि तारा ओढणं ही तीन कामं तीन वेळा होतात. आमच्याकडे पायाचा पंचनामा झाला. तारा ओढायला माणसं आली तेव्हा काढणीला आलेला कांदा तुडवला गेला आणि कागदावर काहीच नव्हतं. वडील म्हणाले, "सही तर आधीच केली होती." दर वेळी नवा पंचनामा करून घ्या, झाडांची संख्या आणि वय अक्षरात लिहून घ्या, कोऱ्या कागदावर सही करू नका. ई-पीक पाहणी वेळेवर केलेली असली तर त्या हंगामात शेतात काय उभं होतं, यावर वाद होत नाही.

वारस नोंद राहिली असेल तर आजच फेरफाराला द्या. मयताच्या नावाचा मोबदला महिनोन्‌महिने अडकतो.

रक्कम कमी वाटली तर पुन्हा त्याच कार्यालयात खेटे घालणं

तार कायद्याच्या कलम 16(3) प्रमाणे रकमेचा वाद जिल्हा न्यायाधीशांपुढे जातो. पैसे घ्यायचे असतील तर घ्या, पण पावतीवर "रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारली" असं लिहा आणि त्याची प्रत जपून ठेवा. जिल्हा न्यायालयात अर्ज करताना ती लागेल.