रोजच्या पन्नास रुपयांतून लाखाची पुंजी कशी उभी करावी

दिवसाची कमाई हाती आली की आधी पन्नासची नोट डब्यात टाका, किराणा-भाजी मग. "खर्च भागून उरेल ते टाका" हा सल्ला ऐकू नका, उरत काहीच नाही.

पोस्टात आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायचं खातं, उघडा. महिना १०० रुपयांपासून चालते, मुदत ५ वर्षं.

खरी अडचण डब्यापासून पोस्टापर्यंतच्या वाटेत आहे. मी चोपड्याला ब्लाउज शिवते, रोज थोडी रोकड येते. पहिली दोन वर्षं डबा धान्याच्या कोठीमागे ठेवला. दोन्ही वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी-नणंदा माहेरी आल्या आणि झाकण उघडलं. एका साडीपुरते काढू, पुढच्या महिन्यात भरू, असं म्हणता म्हणता तळाशी दहा-दहाची नाणी तेवढी राहिली. घरात पैसा आहे हे कळलं की गरज निघतेच. म्हणून डब्यात आठवड्याच्या वर पैसा राहू देऊ नका. साडेतीनशे जमले की बाजाराच्या दिवशी पोस्टातल्या बचत खात्यात टाका, हप्ता तिथूनच आरडीत वळता करा. डब्याची जागा बदलून काही होत नाही, मी बदलून पाहिली आहे.

हप्त्याची तारीख सांभाळा. खातं १५ तारखेपर्यंत उघडलं तर दर महिन्याला १५ पर्यंत भरावं लागतं, नंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत. चुकलं तर शंभराला १ रुपया दंड. चार हप्ते थकले आणि पुढच्या दोन महिन्यांत भरले नाहीत, तर त्या खात्यात पुढे भरताच येत नाही.

कापूसवाल्यांनी माल विकला त्याच आठवड्यात सहा हप्ते आगाऊ भरावेत. पोस्ट ते घेतं, वर थोडी सूटही देतं. पेरणीच्या तोंडावर बियाण्या-खतातून हप्ता निघेल ही आशा धरू नका.

जळगावचं सोनं मलाही आवडतं, पण बचत म्हणून दागिना घेऊ नका. मोडताना घडणावळ परत मिळत नाही.

महिना १,५०० प्रमाणे ५ वर्षांत ९०,००० भरले जातात. ६.७ टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने, हाती सुमारे १,०७,००० येतात. ती रक्कम घरी आणू नका. पोस्टातच मुदत ठेवीत फिरवा आणि त्याच खिडकीवर नवी आरडी उघडून मगच निघा.