क्युरेटर व्हायचंय? सीमाभागातून सुरुवात करताना या चुका टाळा

चित्रं भिंतीवर लागली, फीत कापली, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं की प्रदर्शन झालं, आणि ती लावणारा क्युरेटर झाला, हा समज आपल्या बेळगावात अजून पक्का आहे. त्यामुळे या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलंमुली पहिल्यापासून चुकीच्या जागी जीव ओततात. क्युरेटरचं काम उद्घाटनाच्या कितीतरी आधी सुरू होतं. ही चित्रं एकत्र का आणायची, कुणाकडून, कोणत्या अटींवर, कशाशेजारी काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे सगळं त्यात येतं. संग्रहालयाच्या संचालकाकडे तर याशिवाय छप्पर, पगार, विमा, विश्वस्त मंडळ आणि गोदामातली प्रत्येक वस्तू असते. ही कामं करणारी माणसं बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीतून यावीत असं मनापासून वाटतं, म्हणून वारंवार दिसणाऱ्या चुका इथे मांडतो.

चित्र काढता येत नाही म्हणून मागे फिरणं

ओक्वुई एन्वेझोर नायजेरियात जन्मले, अमेरिकेत राज्यशास्त्र शिकले. कविता आणि कलेवरचं लेखन करता करता १९९४ साली त्यांनी आफ्रिकी समकालीन कलेचं नियतकालिक सुरू केलं. २००२ साली जर्मनीतल्या कासेलचं अकरावं डॉक्युमेंटा, म्हणजे दर पाच वर्षांनी भरणारं समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, त्यांच्या हाती होतं, पुढे म्युनिकच्या हाउस डेर कुन्स्ट या कलादालनाचे ते संचालक झाले आणि २०१५ चा व्हेनिस बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) त्यांनी रचला. सुरुवात ब्रशने नाही, वाचन-लेखनाने झाली. उलट वाटही आहे. कर्नाटकातलेच एल. एन. तल्लूर म्हैसूरला चित्रकला शिकले, मग बडोद्याला संग्रहालयशास्त्र शिकले आणि आज शिल्पकार म्हणून जगभर ओळखले जातात.

शिक्षणासाठी बडोद्याचा १९५२ पासूनचा संग्रहालयशास्त्र विभाग, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पदव्युत्तर डिप्लोमा आणि नोएडातली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज ही नावं आधी तपासा. बाहेर पडणं शक्य नसेल तर बेंगळुरूच्या मॅप अकादमीचा भारतीय कलेचा कोश ऑनलाइन मोफत वाचता येतो. सरकारी संग्रहालयात जायचं असेल तर जाहिरातीतली पात्रता शब्दन् शब्द वाचा. इतिहास, पुरातत्त्व किंवा ललितकला यांतली पदवी आणि सोबत संग्रहालयशास्त्र, अशी जोड बहुतेक ठिकाणी मागतात. कर्नाटक सरकारची नोकरी म्हटली की कन्नडचा पेपर चुकत नाही.

सीमाभागाला अडचण समजणं

सगळ्यात जास्त नुकसान मला इथे दिसतं. 'इथं काय आहे? मुंबईला गेल्याशिवाय काही व्हायचं नाही' असं म्हणत मुलं रिकाम्या हाताने मुंबई गाठतात आणि तिथल्या गॅलरीत पाहुण्यांना यादी वाटत बसतात. मुंबईला जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण जाताना काहीतरी घेऊन जा, आणि ते इथेच मिळतं.

खानापूर तालुक्यातल्या हलशीला कदंब राजघराण्याचे ताम्रपट सापडले. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ चं, रट्ट राजांच्या काळातलं. गावोगावच्या वाड्यांत मोडी कागदांची बोचकी पडून आहेत. खानापूरची माती आणि तिथले कुंभार इतके नावाजलेले की खादी ग्रामोद्योग आयोगाने कुंभारकामाची संस्था तिथेच काढली. गोकाकची लाकडी फळं आणि खेळणी आहेत, शहापूर-वडगावचे माग आहेत. आणि के. बी. कुलकर्णी! बेळगावात शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या माणसाच्या हाताखालून रवी परांजपे, जॉन फर्नांडिस यांच्यासारखे चित्रकार घडले. टिळकवाडीतलं कलादालन त्यांच्या नावाचं आहे. पण त्यांच्या विद्यार्थ्यांनी तरुणपणी केलेली व्यक्तिचित्रं किती घरांत, कोणत्या अवस्थेत आहेत, हे घरोघर जाऊन नोंदवायला कुणीतरी हवं. त्या पिढीतली जी माणसं आज आहेत त्यांच्या मुलाखती आजच घ्यायला हव्यात. असं काम हातात असलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीला कोणतंही मोठं संग्रहालय दारातून परत पाठवणार नाही.

शिवाय मराठी बोलणारा, कन्नड वाचणारा, कोकणी समजणारा आणि थोडी मोडी शिकलेला माणूस इथे घराघरात तयार होऊ शकतो. कोल्हापूर, धारवाड आणि गोवा तिन्ही हाकेच्या अंतरावर. गोव्यातली एचएच आर्ट स्पेसेस ही कलाकारांची संस्था आणि निखिल चोप्रा यांनी कोची-मुझिरिस बिएनालेची सहावी आवृत्ती क्युरेट केली. चोर्ला घाट उतरलं की समकालीन कला आहे, विमानाचं तिकीट लागत नाही. पैशासाठी बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स पाहा. १९९३ साली स्थापन झालेली ही संस्था अभिलेखागारं आणि संग्रहालयांशी निगडित कामालाही अनुदान देते. प्रस्ताव मराठीत लिहायला संकोच करू नका.

माहितीपट्टी शेवटच्या रात्री लिहिणं

'कोल्हापुरी चप्पल. चामडं. विसावं शतक.' अशी पट्टी पाहिली की वाईट वाटतं. तीच वस्तू नीट नोंदवली तर काय काय लिहावं लागेल पाहा: शिवणाऱ्याचं नाव आणि वेणी घालणाऱ्या बाईचं नाव (बरेचदा दोन माणसं वेगळी असतात, आणि बाईचं नाव गळतं), गाव, वर्ष, चामडं कशाने कमावलं, बाभळीच्या सालीने की रसायनाने, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, वस्तू कुणाकडून आली आणि नोंद क्रमांक. पाहणाऱ्याला यातलं निम्मंच दाखवा, पण वहीत सगळं हवं.

कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरता येतं, ही नोंद) महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात बेळगावही आहे. अथणी-निपाणीचा कारागीर 'कोल्हापुरी' या शब्दाखाली दिसेनासा होऊ द्यायचा नाही, हे पट्टी लिहिणाऱ्याच्याच हातात असतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला श्रेय न देता दाखवल्या तेव्हा केवढा गहजब झाला, आणि कंपनीला भारतीय कारागिरीचं ऋण मान्य करावं लागलं. आपल्याच हॉलमध्ये आपण कारागिराचं नाव गाळत असू, तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने बोलणार?

भाषेचंही तेच. बेळगावात मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही लागतात, आणि अक्षरांचा आकार सारखा लागतो. एक भाषा मोठी आणि दुसरी तळाशी बारीक, असं केलं की माणसं चित्र न बघता पट्टीवर भांडतात. कन्नड मजकूर मशीनमधून काढून चिकटवू नका. कन्नड शाळेतल्या एखाद्या सरांना किंवा बाईंना दाखवा, त्यांचं नाव आभारात घाला. प्रदर्शन दोन्हीकडच्या लोकांचं होतं ते अशानेच.

'आपलाच माणूस आहे, कागद कशाला?'

कागद हवाच, आणि आपल्या माणसाशी तर आधी हवा. काकांकडून चित्र आणलं, परत देताना काच तडकलेली निघाली, मग 'ती आधीचीच' आणि 'आधी नव्हती' यात नातं जातं. चित्र ताब्यात घेतानाच पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, ओरखडे-डाग लिहून दोघांच्या सह्या घ्या. विमा घ्यायचा तर मालकाच्या भिंतीवरून उतरवल्यापासून पुन्हा तिथे लागेपर्यंतचा घ्या, फक्त हॉलपुरता नको. वाटेतल्या टेम्पोतच जास्त मोडतोड होते.

चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला, हा आणखी एक गैरसमज. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो, आणि दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. रवी परांजपे २०२२ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांचा हिशेब २०८२ च्या अखेरीपर्यंत जातो. प्रकाशकासाठी किंवा जाहिरातीसाठी केलेल्या कामात हक्क कुणाचा, ते वेगळं तपासा. पोस्टर, कॅटलॉग, इन्स्टाग्राम, तिन्हींची परवानगी एकाच पत्रात मागून ठेवा.

समकालीन कलाकृतीत आणखी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि तो कलाकार जिवंत असताना विचारायचा असतो. कच्च्या मातीची मांडणी असेल तर माती गळाली की काय करायचं? खानापूरची ओली माती पुन्हा लिंपायची, की गळणं हाच कामाचा भाग आहे? व्हिडिओ असेल तर स्क्रीन बदलली तरी चालेल का? उत्तर त्याच्या सहीनिशी फाइलला लावा.

पाऊस विसरणं

बेळगावच्या पावसात कागद जगवणं हे सोपं काम नाही. झडीच्या दिवसांत एखादं जुनं जलरंग चित्र उतरवून पाहा. मागे हार्डबोर्ड, कागद काचेला थेट टेकलेला, लाटा आलेल्या, आकाशाच्या निळ्या भागात तपकिरी ठिपके, आणि कोपऱ्यात कसरीने वरचा थर खरवडलेला. पहिली ऊर्मी होते ती चित्र सोडवून घेण्याची. तसं करू नका. कागद काचेला चिकटला असेल तर ओढताच रंग काचेवर राहतो. फ्रेम आडवी ठेवा, काच-कागद आहे तसा राहू द्या आणि कागद-संवर्धन करणाऱ्या जाणकाराला फोटो पाठवा. बुरशी दिसली तर ते चित्र इतरांपासून वेगळ्या खोलीत न्या, मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात तर मुळीच टाकू नका.

पुढच्या पावसाआधी फ्रेमवाल्याकडून आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालून घ्या, म्हणजे काच आणि कागद यांत अंतर राहील. हार्डबोर्ड काढा. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंतीची ओल थेट पोचत नाही. बाहेरच्या भिंतीवर कागदी कामं लावूच नका. दमटपणा दाखवणारं साधं मीटर हॉलमध्ये ठेवा आणि आकडे रोज लिहा, कारण एकदम चढउतार झाला की कागद सर्वांत जास्त सोसतो. जलरंग, कागद आणि कापड यांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड पुरे, तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. आणि लॅमिनेशन नको. सेलोटेपही नको. लॅमिनेट केलेलं मोडी पत्र परत मोकळं करता येत नाही.

सापडलं म्हणून उचलून आणणं

शेताच्या बांधावरचा वीरगळ (लढताना पडलेल्या वीराचा स्मृतिशिळा) संग्रहालयात आणला तर तो सुरक्षित राहील असं वाटतं, पण जागेवरून हलवताच त्याची निम्मी माहिती जाते आणि गावकऱ्यांचा देवही जातो. जागेवरच फोटो घ्या, मापं घ्या, गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. नांगरताना काही वर आलं तर डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. १०० वर्षांहून जुन्या वस्तूंवर आणि ७५ वर्षांहून जुन्या हस्तलिखितांवर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. देणगी म्हणून आलेल्या मूर्तीचे कागद मागायला लाजू नका.

संचालक झाल्यावर आधी इमारत, मग वही

खुर्ची मिळाली की नवं दालन बांधायची घाई होते. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे पाहा. १८७२ पासूनची ती इमारत भायखळ्याच्या गजबजाटात जीर्ण झाली होती. तस्नीम झकारिया मेहता यांच्या पुढाकाराने २००३ ते २००८ अशी पाच वर्षं जीर्णोद्धारात गेली, त्याला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. नंतरच सुदर्शन शेट्टी, जितिश कल्लाट, तल्लूर या आजच्या कलाकारांना त्या जुन्या संग्रहाशी संवाद साधणाऱ्या कामांसाठी बोलावलं गेलं. जुनं सावरल्याने नव्या कलेला जागा मिळाली.

मंडळाला विश्वासात न घेणं हीही मोठी चूक. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कुन्स्टहाल या कलादालनाचे संचालक हॅराल्ड झेमान यांनी १९६९ साली तिथे जे प्रदर्शन केलं ते आज अभ्यासक्रमात शिकवतात. पण तेव्हा शहरात टीका झाली, मंडळाशी बिनसलं आणि त्यांना पद सोडावं लागलं. धाडसी प्रदर्शन करायचं असेल तर मंडळापुढे सहा महिने आधी चित्रांसकट मांडा, खर्च आकड्यांत दाखवा, आणि ठराव इतिवृत्तात येईल असं पाहा.

पद घेतल्यावर पहिल्या महिन्यात नोंदवही घेऊन गोदामात उतरा आणि एकेक वस्तू क्रमांकाशी ताडून पाहा. जी वस्तू आहे पण वहीत नाही तिची वेगळी यादी करा, आणि जी वहीत आहे पण जागेवर नाही तिची दुसरी. दोन्ही याद्या तारखेसह मंडळाकडे लेखी द्या, पोच घ्या. पद सोडताना हीच पडताळणी पुढच्या माणसासमोर पुन्हा करून त्याची सही घ्या.