मायनर लीगमधला इनफिल्डर कसा जोखायचा: आधी पाय, मग हात, मग बॅट

बेसबॉलच्या मायनर लीगचे (अमेरिकेतल्या मेजर लीगच्या खालच्या, खेळाडू तयार करणाऱ्या लीग) आकडे उघडले की आपण सगळे आधी ॲव्हरेज (हिट भागिले ॲट-बॅट, म्हणजे बॅटिंगच्या संधी) बघतो, मग होमरन, आणि तिथंच ठरवून टाकतो की हा पोरगा पुढं जाणार. इनफिल्डरच्या (बेसच्या आसपास, आतल्या मैदानात उभा राहणारा फिल्डर) बाबतीत हे उलटं करायचं. पहिला प्रश्न एकच, हा पोरगा चार-पाच वर्षांनी मैदानात नेमका कुठं उभा असणार? ते कळल्याशिवाय त्याची बॅट पुरेशी आहे का हे ठरवताच येत नाही, कारण शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या) जागेवर जी बॅट एकदम भारी वाटते तीच फर्स्ट बेसला नेली की टीममध्ये टिकत नाही.

उदाहरणं मी बहुतेक बाल्टिमोर ओरिओल्सची देतोय, त्यांच्याकडं मागच्या दहाएक वर्षांत इनफिल्डर इतके तयार झाले की सगळे प्रकार एकाच टीममध्ये बघायला मिळतात.

आधी शिडी समजून घ्या. २०२१ पासून प्रत्येक मेजर लीग टीमच्या खाली चार टीम असतात, लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, आणि त्याच्याही खाली फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या नवख्या पोरांच्या लीग. जागांचीही अशीच शिडी असते, फिल्डिंगला शॉर्टस्टॉप सगळ्यात अवघड, मग सेकंड बेस, मग थर्ड बेस, आणि फर्स्ट बेस सगळ्यात सोपी. खेळाडू वर चढत जातो तसा सहसा अवघड जागेकडून सोप्या जागेकडं सरकतो, उलटं फार क्वचित होतं. हायस्कूलमधला सगळ्यात चांगला खेळाडू शॉर्टस्टॉपलाच खेळतो, त्यामुळं ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची दरवर्षीची निवड) नावापुढं शॉर्टस्टॉप लिहिलेलं असणं म्हणजे फारसं काही नाही.

रायन माउंटकॅसल बघा. २०१५ ला ओरिओल्सनी त्याला पहिल्या राउंडमध्ये शॉर्टस्टॉप म्हणून घेतलं, थ्रो कमी पडतोय म्हटल्यावर थर्ड बेसला नेलं, तिथंही तोच प्रॉब्लेम, मग लेफ्ट फिल्ड (मागच्या मैदानात) आणि फर्स्ट बेस. २०१९ ला तो ट्रिपल-एच्या इंटरनॅशनल लीगचा एमव्हीपी (सगळ्यात मोलाचा खेळाडू) झाला आणि २०२१ ला ३३ होमरन मारून कॅल रिपकेनचा ओरिओल्सचा रूकी (मेजर लीगमधला नवखा) रेकॉर्ड मोडला, म्हणजे बॅट खरीच होती. पण शॉर्टस्टॉपला ३३ होमरन मारणारा माणूस आणि फर्स्ट बेसला ३३ होमरन मारणारा माणूस यांची किंमत एक नाही, आणि हा फरक २०१७-१८ मध्येच त्याच्या थ्रोवरून दिसत होता.

आता बघायचं कसं. मॅचला गेलात तर लवकर जा, प्रॅक्टिसमध्ये जे दिसतं ते मॅचमध्ये तीन-चार ग्राउंडरवर (जमिनीवरून येणारे बॉल) कळत नाही. पहिल्या बेसच्या बाजूला बसा, तिथून उजव्या बॅटरची छाती तुमच्याकडं असते आणि शॉर्टस्टॉपचा थ्रो जवळजवळ तुमच्या दिशेनं येतो. मॅच सुरू झाली की बॉलच्या मागं डोळे नेऊ नका (सुरुवातीला जड जातं) तर पिच (पिचरनं टाकलेला बॉल) बॅटरसमोरच्या प्लेटपाशी पोचायच्या क्षणी शॉर्टस्टॉपच्या पायांकडं बघा. चांगला फिल्डर त्या क्षणी बारीकशी उडी मारून दोन्ही पायांवर हलका होतो, आणि बॅटवर बॉल लागल्याबरोबर त्याचं पहिलं पाऊल योग्य दिशेला पडलेलं असतं. कमी प्रतीचा फिल्डर टाचांवर बसलेला असतो, आधी सरळ उठतो आणि मग पळतो. रेंज (किती लांबचा बॉल गाठतो) म्हणतात ती बरीचशी इथंच ठरते, नुसत्या वेगावर नाही.

मग बॅकहँड. शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसच्या मधल्या खोल जागेत बॉल गेला, पोरगा उजवीकडं पळत गेला, ग्लव्ह उलटा करून बॉल घेतला, तर पुढं काय करतो? उजवा पाय घट्ट रोवून तिथूनच फेकतो, की दोन-तीन छोटी पावलं टाकून मग फेकतो? त्या पावलांत रनर बेसवर पोचतो. ग्लव्हमधून हातात बॉल यायला किती वेळ लागतो तेही बघा, हात छातीपाशी एकत्र येतात की ग्लव्ह एकीकडं नि हात दुसरीकडं. सेकंड बेसवाल्याचा डबल प्लेचा (एकाच बॉलवर दोन आउट) पिव्हट, म्हणजे बेसवर वळून फेकणं बघायचं, रनर अंगावर येत असताना बेस सोडून बाजूला होता होता फेकतो की घाबरून थांबतो. थर्ड बेसवाल्याला बंटवर (बॅटनं हळूच टेकवलेला बॉल) पळत येऊन मोकळ्या हातानं उचलून फेकता येतं का. फर्स्ट बेसवाल्याबद्दल इतकंच की खालचे थ्रो उचलतो का, बाकी त्याला बॅटवरच मोजायचं.

एरर (फिल्डरच्या नावावर लिहिलेली चूक) मोजू नका. म्हणजे मोजा, पण त्यावरून निकाल देऊ नका. डेरेक जेटरनी १९९३ ला यांकीजच्या ग्रीन्सबरो या मायनर लीग टीमकडून एका सीझनमध्ये ५६ एरर केले होते आणि तीन वर्षांनी तो यांकीजचा शॉर्टस्टॉप आणि रूकी ऑफ द इयर होता. १९ वर्षांच्या पोरानं दुसऱ्या कुणाला पोचलाच नसता असा बॉल गाठून घाईत फेकला तर तोही एररच लिहितात. कुठला एरर आहे ते बघा. फेकण्याच्या घाईचे एरर वयाबरोबर कमी होतात, सरळ अंगावर आलेल्या साध्या बॉलवर हात कडक होऊन सुटणारे बॉल मात्र तितके सहज सुधारत नाहीत.

नुसत्या थ्रोच्या वेगावरही जाऊ नका. पिट्सबर्गचा ओनील क्रूझ सहा फूट सात इंचाचा, २०२२ ला शॉर्टस्टॉपवरून ताशी ९७.८ मैलांचा थ्रो केला, आणि तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये टीमनी त्याला सेंटर फिल्डला हलवलं. हात जबरदस्त, पण रोजच्या साध्या बॉलवर पाय जुळले पाहिजेत. उंच पोरांच्या बाबतीत मी हे आवर्जून बघतो. ओरिओल्सचाच कोबी मेयो, सहा फूट पाच इंच, हात मजबूत, थर्ड बेसवरून वर आला, आणि २०२५ ला मेजर लीगमध्ये फर्स्ट बेसलाच जास्त उभा राहिला. २०२३ पासून मेजर लीगमध्ये सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर ठेवायचा नियम आलाय, त्यामुळं शिफ्ट लावून (फिल्डर एका बाजूला गोळा करून) कमी रेंजवाल्याला लपवणं बंद झालं, सेकंड बेसवाल्याच्या पायांना आता जास्त भाव आहे.

पळणं मोजायला फोनमधलं स्टॉपवॉच पुरे. बॅटवर बॉल लागल्यापासून पाय फर्स्ट बेसवर पडेपर्यंत, उजव्या बॅटरला साधारण ४.३ सेकंद म्हणजे ॲव्हरेज, डाव्याला ४.२. बंट धरू नका, आणि बॅटर अर्ध्यात ढिला पडला तर तो टायमिंग टाकून द्या. स्काउट (टीमसाठी खेळाडू पारखणारे) सगळ्या गोष्टी २० ते ८० च्या स्केलवर लिहितात, ५० म्हणजे मेजर लीगचा ॲव्हरेज, ६० म्हणजे स्पष्ट चांगला. तुम्हीही तसंच लिहा, पण आजचा आकडा आणि पुढं होऊ शकेल तो आकडा असे दोन लिहा.

आता बॅट. इथं वय आणि लेव्हल एकत्र बघितल्याशिवाय एकही आकडा वाचू नका. डबल-एमध्ये २० वर्षांचा पोरगा .२६० मारतोय आणि २५ वर्षांचा .३०० मारतोय, तर मी डोळे झाकून पहिल्याला घेईन. डबल-ए ही खरी चाळणी आहे, खाली पिचर नुसता जोरात टाकतो, इथं बॅटरच्या फायद्याच्या काउंटवरही (बॉल-स्ट्राइकचा हिशोब) स्लायडर आणि चेंजअप (वळणारा आणि हळू बॉल) स्ट्राइकमध्ये टाकतात. तिथं स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) दर ३० टक्क्यांच्या वर गेला की मला काळजी वाटते, तो खाली येत असेल तर उलट आनंद होतो. गनर हेंडरसनचं हेच झालं. २०२१ ला हाय-एमध्ये तो खूप स्ट्राइकआउट व्हायचा, पुढच्या वर्षी बुईला डबल-एमध्ये त्याचे वॉक (झोनबाहेरच्या चार बॉलवर मिळणारा फुकट बेस) स्ट्राइकआउटपेक्षा जास्त होते, वय २०. त्याच ऑगस्टमध्ये तो मेजर लीगमध्ये होता आणि २०२३ चा रूकी ऑफ द इयर. होमरनच्या आकड्यापेक्षा हा बदल कितीतरी मोठा इशारा होता.

पार्कचंही बघा. पाटा विकेटवरच्या रणजीतल्या शतकाला आपण जसं जरा हात राखून दाद देतो तशीच पॅसिफिक कोस्ट लीगच्या (पश्चिमेकडची ट्रिपल-ए लीग) होमरनला द्यायची, अल्बुकर्की, रीनो, लास वेगास ही उंचावरची कोरड्या हवेची गावं, बॉल उडतच राहतो. नॉरफोकला (ओरिओल्सची ट्रिपल-ए टीम) तसं होत नाही. ट्रिपल-एमध्ये बॉल किती जोरात मारला याचे आकडे बेसबॉल सॅव्हंट या वेबसाइटवर फुकट मिळतात, ताशी ९५ मैलांच्या वर किती वेळा मारतो आणि सगळ्यात जोरात किती मारला हे दोन बघा. त्याहीपेक्षा स्ट्राइक झोनच्या बाहेरच्या किती बॉलवर बॅट फिरवतो हे बघा, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि सगळं बरोबर असलं तरी वर गेल्यावर धक्का बसतोच, घाबरून नाव खोडू नका. जॅक्सन हॉलिडे २०२२ च्या ड्राफ्टचा पहिला, २०२३ ला एकाच सीझनमध्ये चारही लेव्हल चढला, .३२३ ॲव्हरेज, १०१ वॉक, वय १९. एप्रिल २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये आला आणि ३४ ॲट-बॅटमध्ये फक्त २ हिट, परत नॉरफोकला. ३१ जुलैला पुन्हा बोलावलं त्याच दिवशी त्यानं ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर रनर असताना होमरन) मारला. पोरगा सेकंड बेसला खेळला कारण शॉर्टस्टॉपला हेंडरसन होता, म्हणजे जागा त्याच्या कुवतीनं नाही तर टीममधल्या गर्दीनं ठरली. मॅनी मचाडोचं २०१२ ला असंच झालं होतं, शॉर्टस्टॉपला जे. जे. हार्डी होता म्हणून बुईवरून थेट थर्ड बेसला.

म्हणून शेवटचं काम, वहीत त्या टीमचा इनफिल्ड काढा, मेजर लीगमध्ये कोण आहे, त्याचा करार किती वर्षांचा, खाली प्रत्येक लेव्हलला कोण. जिथं एका जागेसाठी तीन चांगली पोरं असतील तिथला एखादा ट्रेडमध्ये (टीममधली खेळाडूंची अदलाबदल) जाणार असं धरून चाला. ओरिओल्सचा जोई ऑर्टिझ अप्रतिम ग्लव्ह असूनही फेब्रुवारी २०२४ मध्ये पिचर कॉर्बिन बर्न्सच्या बदल्यात मिलवॉकीला गेला, तिथं त्याला लगेच रोजची जागा मिळाली. मग दर महिन्याला एकदा बॉक्स स्कोअर (मॅचचं स्कोअरकार्ड) उघडून बघा की तुमच्या शॉर्टस्टॉपला टीम सेकंड किंवा थर्ड बेसला किती वेळा उभं करतेय. आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी असेल तर ती सवय लावणं असतं, सलग दोन आठवडे असेल तर टीमनी त्याची जागा बदलायचं जवळजवळ ठरवलेलं असतं, मग तुमच्या वहीतला बॅटचा हिशोब त्या नव्या जागेप्रमाणे परत मांडा.