इंग्लिशचे प्रोनाउन (सर्वनामं): प्रकार कसे ओळखायचे आणि आपण कुठे अडकतो

प्रकारांची यादी पाठ करून पेपर निघतो पण बोलताना चुकतंच, म्हणून नाव नंतर, आधी तो शब्द वाक्यात काय काम करतोय ते बघा.

पर्सनलमध्ये आय, ही, शी, वी, दे हे काम करणारे, आणि हिम, हर, अस, देम हे ज्याच्यावर काम होतं ते, किंवा टू, फॉर, विथच्या नंतर येणारे. आपण वडिलांना, सरांना 'ते' म्हणतो ना, म्हणून 'माय फादर, दे आर कमिंग' असं तोंडातून निघतं. इंग्लिशमध्ये माणूस कितीही मोठा असो, एकटा आहे तर 'ही'च.

खरा गोंधळ पझेसिव्हमध्ये, म्हणजे मालकी दाखवणाऱ्या शब्दांत आहे, इथे जरा वेळ द्या. मराठीत त्याचा भाऊ पण त्याची बहीण, म्हणजे रूप पुढच्या नावाप्रमाणे बदलतं, इंग्लिशमध्ये ते कोणाचं आहे तेवढंच बघायचं. रमेशची बहीण असली तरी 'हिज सिस्टर', सीमाचा भाऊ असला तरी 'हर ब्रदर'. आणि माय, युवर यांच्यापुढे नाव लागतंच, माइन, युवर्स एकटे येतात: 'धिस इज माय पेन', 'धिस पेन इज माइन'. शाळेच्या व्याकरणात यातल्या 'माय'ला पझेसिव्ह अ‍ॅडजेक्टिव्ह (विशेषण) म्हणतात, प्रोनाउन म्हणजे 'माइन'.

रिफ्लेक्झिव्ह म्हणजे करणारा आणि ज्याच्यावर होतं तो एकच, 'शी हर्ट हरसेल्फ'. ओळख करून देताना 'मायसेल्फ अमोल' प्लीज नको, 'आय अ‍ॅम अमोल' म्हणा.

धिस, दॅट, दीज, दोज डेमॉन्स्ट्रेटिव्ह, म्हणजे हे-ते असं दाखवणारे, सोपे आहेत. ईच अदर, वन अनदर हे रेसिप्रोकल, म्हणजे एकमेकांना. हू, विच प्रश्नात आले तर इंटरॉगेटिव्ह, पण तेच दोन वाक्यं जोडायला आले की रिलेटिव्ह, आणि इथे आपली जो-तोची सवय आडवी येते, 'जी मुलगी जिंकली ती माझी मैत्रीण' याचं 'द गर्ल हू वन शी इज माय फ्रेंड' होतं. तो 'शी' काढून टाका, 'हू'ने त्याचं काम आधीच केलंय.

राहिला इनडेफिनिट, म्हणजे ठरावीक माणसाचं नाव न घेणारा: एव्हरीवन, समबडी, नोबडी. 'सगळे आलेत' हे मराठीत अनेकवचन, पण इंग्लिशमध्ये 'एव्हरीवन हॅज कम', 'हॅव' नाही. 'ऑल' वापरलंत तर मात्र 'ऑल हॅव कम'.