फ्रिजमधलं डिप आणि ‘नैसर्गिक’ टिकाऊपणा: या चुका टाळा

सोलापूरची कोरडी शेंगाचटणी डब्यात निवांत टिकते, कारण तिच्यात पाणी जवळपास नसतंच. तीच चटणी दह्यात किंवा पाण्यात सैल करून कॅफेला ‘शेंगा डिप’ म्हणून दिली, की तो जुना हिशेब संपला. हुमुस (चणे-तिळाचं डिप), चक्क्याचं लसूण डिप, कोथिंबिरीची ओली चटणी यांचंही तेच. घरगुती उद्योगांना हल्ली लेबलवर ‘केमिकल नाही’ असं छापायची हौस असते. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्लही रसायनच, पण ते असो. लिंबू, व्हिनेगर, लवंग यांनी काय थांबतं आणि काय थांबत नाही, एवढं मात्र ठाऊक हवं.

वास नाही म्हणजे जंतू नाहीत, असं धरणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. यीस्ट आणि बुरशी रोखली, की डिप १५ दिवस छान दिसतं, छान लागतं. तेवढे दिवस लिस्टेरिया मोनोसायटोजेनिसलाही आयते मिळतात. हा जिवाणू ० अंशाच्या आसपासही वाढतो, वास सोडत नाही, झाकण फुगवत नाही. ४ अंशांवर दुप्पट व्हायला त्याला साधारण दीड दिवस धरला, तरी १५ दिवसांत तो दहा वेळा दुप्पट होतो, म्हणजे हजारपट. १० अंशांवर दुप्पट व्हायला काही तासच पुरतात. गरोदर बायका, नवजात बाळं आणि म्हातारी माणसं यांना त्याचा धोका मोठा. लक्षणं कधीकधी ७० दिवसांनी दिसतात, त्यामुळे ‘आजवर एकही तक्रार नाही’ याला पुरावा म्हणता येत नाही.

मीठ वाढवूनही भागत नाही. लिस्टेरिया १० टक्के मिठातसुद्धा तग धरतो, आणि तेवढं खारट डिप कोणी खाणार नाही.

आंबटपणा जिभेने मोजणं

ओल्या डिपमध्ये खरी राखण पीएच करतो, म्हणजे आंबटपणाचा आकडा: तो जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. पीएच ४.४ किंवा त्याखाली असेल, तर फ्रिजमध्ये लिस्टेरिया वाढत नाही असं धरतात. मोजमापातली चूक आणि घाण्या-घाण्यातला फरक लक्षात घेऊन ४.२चं लक्ष्य ठेवा. चव यात फसवते: तीळ, तेल आणि गूळ आंबटपणा झाकतात, आणि चणे-शेंगदाण्यातली प्रथिनं घातलेलं आम्ल पिऊन टाकतात. ताज्या वाटणाचा पीएच ४.३ दिसतो आणि दुसऱ्या दिवशी तोच ४.७ भरतो, कारण आम्ल कणांच्या आत मुरायला वेळ लागतो. म्हणून एकदा वाटल्यावर आणि पुन्हा २४ तासांनी मोजा; खरा धरायचा तो दुसरा आकडा.

पीएचच्या रंगपट्ट्या वापरू नका. हळद, तिखट आणि कोथिंबिरीच्या रंगात त्यांचा रंग वाचता येत नाही. मीटर घ्या, रोज ४.०१ आणि ७.०० च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणावर) लावून घ्या. घट्ट डिप थोड्या डिस्टिल्ड पाण्यात कालवून मोजा. प्रत्येक वेळी इलेक्ट्रोडवरचं तेल सौम्य साबणाने धुवा, नाहीतर आकडा आळशासारखा हळूहळू सरकत राहतो.

लिंबू की व्हिनेगर? दोन्ही. लिंबातलं सायट्रिक आम्ल पीएच झटकन उतरवतं, पण त्याच पीएचला जिवाणूला जास्त जाच ॲसिटिक आम्लाचा होतो. त्याचे न फुटलेले रेणू जिवाणूच्या आत शिरून तिथे फुटतात. पीएच ४.७६ ला त्याचा अर्धा भाग अशा रूपात असतो, ५.७६ ला जेमतेम अकरावा हिस्सा. थोडक्यात, पीएच ५.५ च्या डिपमध्ये घातलेलं व्हिनेगर बहुतांशी वाया गेलं. सुरुवातीला १ किलो वाटणाला ४ टक्क्यांचं ६० मिली व्हिनेगर घ्या (म्हणजे २.४ ग्रॅम आम्ल), मग लिंबाचा रस थोडाथोडा घालत मोजा. ‘दहा लिंबं’ हे प्रमाण लिहून ठेवू नका. मे महिन्यातलं लिंबू आणि श्रावणातलं लिंबू यांच्या रसात फरक असतो. मिलिलिटरमध्ये लिहा.

सोडा विसरणं

चणे मऊ व्हावेत म्हणून टाकलेला खायचा सोडा नीट धुतला नाही, तर तो पुढे व्हिनेगर खातो. १ ग्रॅम सोड्याला सुमारे १८ मिली व्हिनेगर लागतं, म्हणजे ५ ग्रॅमचा एक चमचा ९० मिलीचा फडशा पाडतो. शिजवायचं पाणी फेका, चणे दोनदा धुवा. पीएच काही केल्या उतरत नसेल, तर आधी इथेच शोधा.

निसिन, लवंग, डाळिंबाची साल

निसिन हे जिवाणूंपासून मिळणारं संरक्षक, ते लिस्टेरियावर चालतं. साल्मोनेला आणि ई. कोलायवर एकट्याने चालत नाही, बुरशीवर तर नाहीच. बाजारातल्या पावडरीत बहुधा २.५ टक्केच निसिन असतं, बाकी मुख्यतः मीठ. १ किलोला १२.५ मिलीग्रॅम निसिन हवं असेल, तर पावडर ०.५ ग्रॅम लागेल. इथे दशांश चिन्ह चुकवणारे बरेच. आंबट पाण्यात विरघळवून मगच घाला, थेट तेलकट वाटणात टाकलं तर गोळे होतात. तुमच्या पदार्थाच्या वर्गात त्याला परवानगी आहे का, हे एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) यादीत आधी पाहा.

लवंग, दालचिनी, ओवा यांची तेलं प्रयोगशाळेतल्या पातळ द्रावणात जोरदार काम करतात. तीळ-शेंगदाण्याच्या स्निग्धांशात ती विरघळून अडकतात, मग कितीतरी पट जास्त लागतात आणि डिपला दंतमंजनाचा वास येतो. सोलापुरात डाळिंबाला तोटा नाही, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच आहे, त्यामुळे सालीचा अर्क घालून बघायचा मोह होतो. त्यातली टॅनिन्स चण्याच्या आणि दुधाच्या प्रथिनांना चिकटतात. तुरटपणा उरतो, जिवाणूंवरचा असर घटतो. ही सगळी मदतनीस मंडळी. पीएच जागेवर नसेल तर त्यांच्या हातून काही होत नाही.

चणे ओट्यावर गार करणं

मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे असताना ‘पंख्याखाली गार होतील’ हे शक्यच नाही. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळीतून वाचतात आणि कोमट चण्यांत रुजतात. त्यांनी तिथे केलेलं विष नंतरच्या लिंबाने जात नाही. पाणी निथळा, पसरट ट्रेमध्ये ५ सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको, खाली बर्फ. ६० वरून २१ अंशांवर २ तासांत, तिथून ५ वर पुढच्या ४ तासांत यायला हवं. गार चणे वाटायच्या भांड्याची रबरी रिंग रोज काढून धुवा आणि सॅनिटायझरमध्ये बुडवा, कारण शिजवल्यानंतर लिस्टेरिया बहुधा अशाच फटीतून परत येतो. कच्ची कोथिंबीर त्याचा दुसरा रस्ता.

तेलातला लसूण

तेलाखाली हवा पोचत नाही, आणि जीवघेणं विष करणाऱ्या बोटुलिनम जिवाणूला नेमकं तेच हवं असतं. त्याच्या काही जाती ३ अंशांवरही वाढतात. आधी ठेचलेला लसूण व्हिनेगरमध्ये मुरवून पीएच ४.२ वर आणा, मग तेल. नुसत्या तेलात बुडवलेला लसूण फ्रिजमध्ये आठवडे ठेवू नका.

बिघाड दिसला तर

झाकण फुगलं आणि दारूसारखा वास आला, तर यीस्ट: डबे आणि कच्चा मसाला तपासा. डिप आंबट होत चाललं, तर लॅक्टिक जिवाणू: बहुतेक वेळा लाइट गेल्यावर फ्रिज तापलेला असतो, आत नोंद ठेवणारा थर्मामीटर लावा. वर बुरशीचा ठिपका दिसला, तर चमच्याने काढून उरलेलं विकू नका. बुरशी आम्ल खाते, तिच्याखालचा पीएच वर चढतो आणि नेमकी तिथे लिस्टेरियाला जागा होते. तो सगळा घाणाच टाका.